सेल्माचे ब्राऊन चॅपल आणि मताचा हक्क

(शिक्षणसंस्थेच्या वार्षिक समारंभात पारनेर येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



वार्षिक समारंभाला बोलावलेल्या पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, असा रिवाज आहे. परंतु ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन मुलामुलींना शाळेत घातले, त्यांना ते महत्त्व मी काय सांगणार? मी आज शिकलेल्या माणसांच्या एका खोडीविषयी बोलणार आहे. ती खोडी मलाही होती.

मी कॉलेजात नवा नवा जाऊ लागलो तेव्हाची गोष्ट. निवडणुकीचा दिवस होता. आमची दादी सकाळीच आवरून, डोक्यावर पदर घेऊन मतदानाला निघाली. तिला सही करता येत नव्हती, अंगठा उठवायची. मी दोन पुस्तके वाचलेली, त्या जोरावर म्हणालो, "दादी, तुला नाव वाचता येत नाही, चिन्ह बघून शिक्का मारणार. तू कशाला उन्हात जातेस? खरे तर शिकलेल्यांनाच मत असायला पाहिजे." दादी उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "खोटा पैसा पहचानने को मदरसा लगता क्या रे?" आणि गेली. त्या वेळी मी हसलो. आपण किती जुने आणि किती वाईट वाक्य बोललो होतो, ते पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेतल्या एका चर्चची हकीकत वाचताना माझ्या ध्यानात आले. तीच हकीकत आज तुमच्यापुढे ठेवतो.

अमेरिकेच्या दक्षिणेस अलाबामा नावाचे राज्य आहे. त्यात सेल्मा हे एका नदीकाठचे कापसाच्या मुलखातले गाव. तिथे काळ्या लोकांचे एक जुने चर्च आहे, ब्राऊन चॅपल. तिथली जमात 1866 सालची, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर लगेचची. आजची लाल विटांची, दोन मनोऱ्यांची इमारत 1908 मध्ये उभी राहिली. हे चर्च आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल पंथाचे. हा पंथ कसा निघाला, तेही ऐकण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या एका चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करीत असलेल्या काळ्या माणसांना, ही जागा तुमची नव्हे म्हणून ओढून उठवू लागले. ती माणसे उठली आणि बाहेर पडली. त्यांच्यातल्या रिचर्ड ॲलन यांच्या पुढाकाराने 1816 मध्ये हा स्वतंत्र पंथ स्थापन झाला. खुदाच्या घरातही सफ कोणी कुठे धरायची याची वाटणी करणारी माणसे जगात सगळीकडे असतात. आपल्या नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी 1930 मध्ये जो सत्याग्रह करावा लागला, त्याची आठवण इथे कोणालाही होईल.

आता मताचा प्रश्न. काळ्या माणसाला मत आहे, असे अमेरिकेच्या घटनेत 1870 पासून लिहिलेले होते. वंशाच्या कारणावरून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही, असे स्पष्ट शब्द होते. मग अडवणार कसे? तर परीक्षा घेऊन! मतदारयादीत नाव घालायचे तर कचेरीत जाऊन अर्ज भरायचा, घटनेतला उतारा वाचायचा, त्याचा अर्थ सांगायचा, सरकारविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची. पास की नापास ते ठरवणार गोरे नोंदणी अधिकारी. शिवाय आधीच मतदार असलेल्या माणसाने तुमच्यासाठी शब्द द्यायचा. मतदार जवळजवळ सगळे गोरे. शब्द देणार कोण? वर वर्षाला दीड डॉलर मतपट्टी. आणि नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच दिवस उघडी. पदवीधर काळे शिक्षकसुद्धा तिथे नापास होत. सेल्मा ज्या डल्लास परगण्यात आहे, तिथे मताच्या वयाचे काळे लोक सुमारे 15,000 होते आणि 1965 च्या सुरुवातीला त्यांतले यादीत जेमतेम तीनशेच्या आसपास होते.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेचे नाव घेतले की तुम्हाला ती निःपक्षपाती वाटते. पेपर सर्वांना सारखा, मार्क ज्याचे त्याला. पण पेपर तपासणाऱ्याने निकाल आधीच लिहून ठेवला असेल, तर ती परीक्षा राहत नाही. माझ्या त्या कॉलेजातल्या वाक्याचा पुढचा मुक्काम हाच होता.

ब्राऊन चॅपलचे नाव पुढे गाजले, पण सुरुवात आधीच इतरत्र झाली होती. अमेलिया बॉयन्टन नावाच्या बाई आणि त्यांचे यजमान अनेक वर्षे लोकांना नावनोंदणीचा अर्ज कसा भरायचा ते शिकवीत. यजमान वारल्यावर, मे 1963 मध्ये, गावातल्या टॅबरनॅकल बॅप्टिस्ट चर्चमध्ये पहिली मोठी सभा झाली. त्याच सुमारास मारी फॉस्टर नावाच्या बाईंनी रात्रीचे वर्ग काढले. त्या दाताच्या दवाखान्यात काम करीत आणि नोंदणीच्या परीक्षेत स्वतः अनेकदा नापास झालेल्या होत्या. पहिल्या दिवशी किती विद्यार्थी आले असतील? एक. सत्तरीचा एक म्हातारा. बाईंनी त्याला त्या रात्री स्वतःचे नाव लिहायला शिकवले. आपल्या शाळेत पट कमी झाला की आम्ही शिक्षक हातपाय गाळून बसतो. एका विद्यार्थ्याचा तो वर्ग मला म्हणूनच फार मोठा वाटतो.

जुलै 1964 मध्ये एका न्यायाधीशाने हुकूम काढला की चळवळीच्या माणसांनी तिघे किंवा त्याहून अधिक एकत्र जमायचे नाही. पुढे जवळजवळ सहा महिने सभा बंद पडल्यासारख्याच होत्या. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण नंतर सगळेच शूर होते असे वाटू लागते. काळ्यांच्या सर्वच चर्चनी दारे उघडली नव्हती. पाद्री घाबरत होते आणि घाबरण्याला कारण होते. त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात 15 सप्टेंबर 1963 रोजी, रविवारी, एका चर्चमध्ये बाँब फुटून चार लहान मुली मेल्या होत्या. चर्चचे दार उघडले म्हणजे छप्पर जाऊ शकते, माणसे जाऊ शकतात, हे सर्वांना माहीत होते. ते माहीत असूनही 2 जानेवारी 1965 रोजी ब्राऊन चॅपलने दार उघडले. तिघांची बंदी असताना सुमारे 700 माणसे आत बसली आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी मताच्या हक्काची मोहीम तिथून सुरू केली.

त्या दिवसापासून ते चर्च म्हणजे कचेरी, शाळा, भटारखाना, दवाखाना सर्व काही झाले. सकाळी तिथून रांग करून न्यायालयाकडे जायचे, पायऱ्यांवर उभे राहायचे, शेरीफ जिम क्लार्क यांच्या शिपायांचे दंडुके खायचे, कैद व्हायचे. सुटले की पुन्हा रात्री तिथेच जमायचे. एक नियम मात्र कडक पाळला: हात उचलायचा नाही.

मला या सर्वांत अधिक भावतो तो 22 जानेवारीचा दिवस. शिक्षकांचा मोर्चा. काळ्या शाळांतले शिक्षक हे गावातले प्रतिष्ठित लोक, पण त्यांची नोकरी गोऱ्यांच्या शिक्षणमंडळाच्या हातात. आजवर ते चळवळीपासून दोन हात दूर होते. रेव्हरंड फ्रेडरिक रीझ हे पाद्री, आणि शाळेत शिक्षकही. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना विचारले, मुलांना नागरिकशास्त्र शिकवता आणि तुम्ही स्वतः नागरिक नाही, हे कसे? त्या शुक्रवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, शंभराहून अधिक शिक्षक नीटनेटक्या पोशाखात न्यायालयाकडे चालत गेले. प्रत्येकाने खिशात वा पर्समध्ये दातांचा ब्रश घेतला होता. पकडले तर तुरुंगात रात्र काढावी लागेल म्हणून! पायऱ्यांवरून त्यांना ढकलून खाली काढले, ते पुन्हा चढले, पुन्हा ढकलले. शेवटी ते तिथून ब्राऊन चॅपलमध्ये आले, तेव्हा त्यांचे विद्यार्थी चर्चमध्ये वाट पाहत उभे होते आणि त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शिक्षकाला विद्यार्थ्यांकडून मिळालेले याहून मोठे प्रमाणपत्र मी तरी ऐकलेले नाही.

शाळकरी मुलांचे काय सांगावे! शेयान वेब नावाची आठ वर्षांची मुलगी चर्चजवळच राहत होती. ती शाळा बुडवून सभांना बसायची. (मुख्याध्यापकांनी हे वाक्य विसरावे, विद्यार्थ्यांनीही.) तिने घरी आईबापांना विचारले, तुम्ही मत देता का? त्यांनी दिले नव्हते. पोरीच्या त्या प्रश्नापुढे मोठ्यांची जी अवस्था झाली असेल, तिची कल्पना आपण पालक म्हणून करू शकतो.

याच चर्चच्या व्यासपीठावर 4 फेब्रुवारी 1965 रोजी आणखी एक माणूस उभा राहिला. डॉ. किंग त्या वेळी तुरुंगात होते. आलेला पाहुणा मुसलमान होता: माल्कम एक्स, ज्यांनी आदल्याच वर्षी हज केली होती आणि अल-हज मलिक अल-शबाझ हे नाव घेतले होते. डॉ. किंग यांचा मार्ग त्यांना पूर्वी मान्य नव्हता, त्यांनी त्यावर कठोर टीका केलेली होती. पण त्या दिवशी ते चर्चमध्ये किंग यांच्या पत्नी कोरेटा यांच्या शेजारी बसले आणि, मी तुमच्या यजमानांचे काम अवघड करायला आलेलो नाही, असे त्यांना सांगितले. पुढे तीन आठवडेही झाले नाहीत, तोच 21 फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये त्यांचा खून झाला. हक्काच्या प्रश्नावर एका मुसलमानाने चर्चमध्ये बोलावे आणि चर्चने ते ऐकावे, यात त्या दोघांनाही अवघड वाटले नाही.

पुढचे प्रसंग जगाला ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. जवळच्या मॅरियन गावी 18 फेब्रुवारीच्या रात्री चर्चमधून निघालेल्या मोर्चावर पोलिस तुटून पडले. जिमी ली जॅक्सन नावाचा 26 वर्षांचा तरुण आपल्या आईला आणि आजोबांना वाचवू पाहत होता. त्याला गोळी लागली आणि आठ दिवसांनी तो गेला. यादीत नाव घालण्यासाठी तोही कचेरीच्या खेपा घालून थकलेला होता. त्याच्या मृत्यूनंतर ठरले की राज्याची राजधानी मॉन्टगोमेरीपर्यंत पायी जायचे. अंतर 87 किलोमीटर. आपण पारनेरहून पुण्याला चालत निघावे, साधारण तेवढे. रविवार, 7 मार्च 1965 रोजी ब्राऊन चॅपलमधून सुमारे 600 माणसे दोन-दोनच्या रांगेत निघाली. पुढे होते जॉन लुईस, वय 25, आणि होझिया विल्यम्स. गावाबाहेर एडमंड पेटस पूल. पूल उतरताच पोलिसांनी अश्रुधूर सोडला, घोडेस्वार सोडले, काठ्या चालवल्या. लुईस यांचे डोके फुटले. अमेलिया बॉयन्टन बेशुद्ध पडल्या. माणसे धावत, ठेचाळत परत आली ती कुठे? ब्राऊन चॅपलमध्ये. शेजारच्या पाद्र्याच्या घरात जखमा बांधल्या गेल्या. ती आठ वर्षांची शेयानही त्या गर्दीत होती. विल्यम्स यांनी तिला उचलून पळायला सुरुवात केली, तर पोरगी म्हणते, खाली ठेवा मला, तुम्ही फार हळू पळता!

ती रात्र अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिली. देशभरातून पाद्री, यहुदी धर्मगुरू, विद्यार्थी सेल्माकडे निघाले. त्यांतले बोस्टनचे गोरे पाद्री जेम्स रीब यांना गावात मारहाण झाली आणि 11 मार्चला ते वारले. मग काही दिवस चर्चसमोरच्या रस्त्यावर पोलिसांनी दोरी बांधली आणि लोक त्या दोरीला भिडून पावसात रात्रंदिवस उभे राहिले. 21 मार्चला संरक्षणाखाली मोर्चा पुन्हा निघाला तो त्याच चर्चमधून, आणि 25 मार्चला मॉन्टगोमेरीत पोचला तेव्हा 25,000 माणसे होती. 6 ऑगस्ट 1965 रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी मताधिकाराच्या कायद्यावर सही केली. ती वाचण्या-लिहिण्याची परीक्षा अशा राज्यांत थांबली. पुढल्याच वर्षी, 1966 मध्ये, शेरीफ क्लार्क यांना मते मागायची वेळ आली आणि ते पडले. ज्यांना पायऱ्यांवरून ढकलले होते, त्यांच्या बोटांना आता शाई लागली होती, असे आपल्या भाषेत म्हणता येईल.

आता आपल्या घरी येऊ. ही परीक्षा आपल्याकडे का नाही, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? इंग्रजांच्या काळात आपल्याकडेही मत सर्वांना नव्हतेच. सारा किती भरता, घरभाडे किती, प्राप्तिकर किती, शिक्षण किती, यावर ते ठरे. पारनेरसारख्या दुष्काळी तालुक्यातल्या मजुराला, विणकराला, त्याच्या बायकोला त्यात कुठे जागा? याविरुद्ध ज्यांनी नेमके बोट ठेवले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1919 च्या जानेवारीत ते साउथबरो समितीपुढे साक्षीला गेले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. तिथे त्यांनी अस्पृश्यांसाठी मताची पात्रता खाली आणा, असे मागितले. दहा वर्षांनी, मे 1929 मध्ये, सायमन कमिशनच्या कामी नेमलेल्या मुंबई प्रांताच्या समितीत त्यांनी आपला वेगळा अहवाल दिला आणि प्रौढ मताधिकार मागितला. साक्षरतेची अट घालू पाहणाऱ्यांना त्यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा: निरक्षर माणूस निर्बुद्ध असतो हे गृहीत धरणे चूक, आणि साक्षर झाला म्हणजे शहाणा झाला हे धरणे ही दुसरी चूक. इतक्या पदव्या मिळवलेला माणूस हे सांगत होता. आमच्या दादीने तेच उंबऱ्यात सांगितले होते. फरक इतकाच की ते मला छापील पानावर वाचल्यावर पटले.

चर्चने जागा दिली, हे मी वारंवार सांगतो आहे, कारण जागा देणे हे लहान काम नाही. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेला मांडव घालायला गावात कोणी जागा देईना. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांच्यासाठी एखादी ओळ असते, अनेकदा तीही नसते. ते भाषण करायला उभे राहिल्याचे मी कुठे वाचलेले नाही. त्यांनी जमीन मोकळी करून दिली, बस्स.

स्वतंत्र भारताच्या घटनेने प्रौढ मताधिकार दिला, आणि 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत 17 कोटींहून अधिक मतदार होते. त्यांतल्या बहुसंख्यांना अक्षर येत नव्हते. म्हणून चिन्हे आली, प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी आली. जगातले पुष्कळ विद्वान त्या वेळी हसले होते. पण त्या यादीत एक गोष्ट घडली, ती आपल्या भगिनींनी लक्षात घ्यावी. सुमारे 28 लाख बायकांची नावे गळाली. मुख्यत्वे उत्तरेकडच्या राज्यांत. कारण काय? नाव विचारले तर त्यांनी किंवा घरच्यांनी सांगितले: अमक्याची बायको, तमक्याची आई. स्वतःचे नाव दिले नाही, म्हणून मत गेले. तिथे परीक्षा नव्हती, शेरीफ नव्हता, दंडुका नव्हता. आपणच आपल्या हाताने दार लावून घेतले होते.

सेल्माची गोष्टही 1965 मध्ये संपली नाही. 2013 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली देखरेखीची महत्त्वाची व्यवस्था निकामी केली. अमेलिया बॉयन्टन 2015 मध्ये, शंभरी पार करून, चाकाच्या खुर्चीतून तो पूल अध्यक्ष ओबामांच्या सोबत पुन्हा ओलांडून गेल्या. आणि त्या चर्चच्या लाकडाला वाळवी लागली. 2022 मध्ये अमेरिकेतल्या धोक्यात आलेल्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत ब्राऊन चॅपलचे नाव आले.

कोणी म्हणेल, मग आपल्या मस्जिदीतूनही असेच करावे काय? नाही. आपला कायदा वेगळा आहे आणि योग्य आहे. 1988 च्या कायद्याने धर्मस्थळाचा राजकीय कामासाठी वापर करता येत नाही, आणि धर्माच्या नावावर मत मागणे हा निवडणुकीतला भ्रष्टाचार समजला जातो. अमक्याला मत द्या, हे सांगायला मीही आलेलो नाही. सांगू लागलो तर अध्यक्षांनी मला खुशाल खाली बसवावे. पण शाळेला ओटा आहे, वर्ग आहेत, फळा आहे, आणि यादीत नाव आहे की नाही ते पाहणे हे कोणत्याही पक्षाचे काम नव्हे.

म्हणून मी मुख्याध्यापकांना आधीच विनंती केली होती आणि त्यांनी ती मान्य केली आहे. सभा संपल्यावर पहिल्या वर्गात आठवी-नववीच्या मुली टेबल मांडून बसणार आहेत. पारनेर गावाची मतदारयादी त्यांच्यापुढे आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी सहा नंबरचे फॉर्म आहेत. वर्षातून चार तारखांना वय धरले जाते, तेव्हा पुढच्या जानेवारीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. भगिनींनी नाव विचारल्यावर स्वतःचे नाव सांगावे, आणि नावातली काना-मात्रा मुलींकडून वाचून घ्यावी. शेख, शेक आणि शैख ही तीन माणसे होतात, हे पुढे फार त्रासाचे असते. ज्यांची दादी-नानी घरी राहिली असेल त्यांनी तिचे नाव चिठ्ठीवर लिहून आणले तरी चालेल. चष्मा विसरला असेल त्यांना मुली वाचून दाखवतील. चहा त्याच खोलीत आहे.

खुदा हाफिज.